राष्ट्रपतिपद आणि उमेदवाराचा स्वभाव : शेषन यांच्या पराभवानंतरही उरलेला प्रश्न

गुम्मिडिपूंडी (चेन्नई) : २००८ साली झालेल्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर तमिळनाडू विधानसभेच्या यादीत पहिला क्रमांक गुम्मिडिपूंडीचा लागतो. चेन्नईच्या उत्तरेस, आंध्र प्रदेशाच्या सीमेजवळचे हे तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील गाव तेथील औद्योगिक वसाहतीसाठी आणि श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांच्या छावणीसाठी ओळखले जाते. येथील मतदार आमदार निवडतो, खासदार निवडतो. राष्ट्रपती मात्र निवडत नाही. ते काम त्याच्या वतीने त्याचा आमदार करतो आणि त्या आमदाराच्या मताचे मूल्य असते १७६. महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. १९७१ च्या जनगणनेतील राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या सदस्यसंख्येने भागून, त्या भागाकाराला पुन्हा एक हजाराने भागले की हा आकडा मिळतो.

मताचे मूल्य इतक्या काटेकोरपणे ठरवणाऱ्या राज्यघटनेने उमेदवाराचे मूल्यमापन मात्र जवळजवळ मोकळे सोडले आहे. कलम ५८ नुसार राष्ट्रपतिपदाचा उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्याने वयाची ३५ वर्षे पूर्ण केलेली असावीत, लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता त्याच्या अंगी असावी आणि तो लाभाच्या पदावर नसावा. शिक्षण, अनुभव, प्रकृती यांचा त्यात उल्लेख नाही, आणि स्वभावाचा तर नाहीच. तो संतापी आहे की शांत, हट्टी आहे की नको तितका नमते घेणारा, हे पाहण्याची जबाबदारी घटनाकारांनी मतदान करणाऱ्या लोकप्रतिनिधींच्या विवेकावर सोपवली.

हा विवेक स्वभावाच्या प्रश्नावर खऱ्या अर्थाने पणाला लागला तो १९९७ साली. त्या वर्षीचा एक उमेदवार तमिळनाडूच्या प्रशासकीय सेवेत घडलेला होता आणि त्याच्या पाठीशी उभा राहिलेला प्रमुख पक्ष मुंबईचा होता. उमेदवार होते तिरुनेल्लै नारायण अय्यर शेषन. पक्ष होता शिवसेना.

बस चालवणारा अधिकारी

शेषन यांचा जन्म १९३२ सालचा, केरळमधील पालक्काड येथील तमिळ कुटुंबातला. १९५५ च्या तुकडीतून ते भारतीय प्रशासकीय सेवेत आले आणि त्यांना तमिळनाडूचे, म्हणजे तेव्हाच्या मद्रास राज्याचे केडर मिळाले. मद्रासमध्ये परिवहन संचालक असताना एका चालकाने त्यांना विचारले की, ज्याला बसचे इंजिन कळत नाही आणि बस चालवताही येत नाही, तो आमच्या अडचणी काय सोडवणार? शेषन यांनी कार्यशाळेत जाऊन इंजिन खोलायला आणि जोडायला शिकून घेतले, बस चालवायलाही शिकले आणि एकदा प्रवाशांनी भरलेली बस स्वतः चालवली. त्यांच्या स्वभावाची मुळे शोधायची तर या प्रसंगाइतका चांगला पुरावा नाही. आव्हान मिळाले की ते व्यक्तिगत मानायचे आणि समोरचा गप्प होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करायचा, हा त्यांचा पिंड होता. पुढे ते मदुराईचे जिल्हाधिकारी झाले, १९८९ मध्ये केंद्राचे मंत्रिमंडळ सचिव झाले आणि १२ डिसेंबर १९९० रोजी मुख्य निवडणूक आयुक्त झाले.

पुढील सहा वर्षांचा इतिहास मराठी वाचकांनाही परिचित आहे. आचारसंहिता नावाचा प्रकार कागदावर पूर्वीपासून होता. तिचा धाक शेषन यांच्या काळात बसला. उमेदवारांच्या खर्चाचे हिशेब, भिंती रंगवण्यावर आलेला चाप, कर्ण्यांच्या वेळेची मर्यादा आणि छायाचित्रासह मतदार ओळखपत्र या गोष्टी आज इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, त्यांच्यासाठी कोणाला भांडावे लागले असेल हे नव्या पिढीला खरे वाटणार नाही.

परंतु हे भांडण कोणत्या टोकाला जाई तेही पाहिले पाहिजे. २ ऑगस्ट १९९३ रोजी शेषन यांनी एक आदेश काढला. आयोगाचे अधिकार सरकार मान्य करीत नाही तोपर्यंत देशातील कोणतीही निवडणूक होणार नाही, असा त्याचा आशय होता. या धोरणात राज्यसभेची निवडणूकही अडकली आणि सदस्यत्व न मिळाल्याने प्रणव मुखर्जी यांना केंद्रातील मंत्रिपद सोडावे लागले. हेच मुखर्जी २०१२ मध्ये राष्ट्रपती झाले, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. नियमाचा आग्रह धरणे वेगळे आणि नियम पाळला जात नाही म्हणून लोकशाहीचे चाकच थांबवणे वेगळे. येथे शेषन यांनी ती सीमा ओलांडली होती, असे या लेखकाचे मत आहे.

सरकारने १ ऑक्टोबर १९९३ रोजी एम. एस. गिल आणि जी. व्ही. जी. कृष्णमूर्ती या दोघांना निवडणूक आयुक्त नेमून आयोग त्रिसदस्य केला. शेषन यांनी या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १४ जुलै १९९५ रोजी न्यायालयाने त्रिसदस्य आयोग वैध ठरवला, आणि त्या निकालपत्रात मुख्य निवडणूक आयुक्तांच्या वागण्याबोलण्यावरही भाष्य केले. संयम राखण्याची समज त्यांना एकापेक्षा अधिक प्रकरणांत द्यावी लागली, ते वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवर वारंवार दिसतात आणि त्यामुळे स्वतःची प्रतिमा उभी करण्याची त्यांना ओढ आहे असा समज होतो, अशा आशयाचे ते ताशेरे होते. एखाद्या राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराच्या स्वभावाविषयी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आधीच लेखी मत नोंदवून ठेवलेले असावे, असा प्रसंग दुर्मीळच म्हणावा लागेल. अर्थात ते मत लिहिले गेले तेव्हा ते उमेदवार नव्हते.

१९९६ मध्ये शेषन यांना शासकीय सेवेसाठीचा रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांची मुदत संपली आणि सात महिन्यांच्या आत ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उभे होते.

पाच टक्के मते

त्या वर्षी नियमही बदलले होते. हौशी उमेदवारांना आळा घालण्यासाठी सूचक आणि अनुमोदक यांची संख्या दहा-दहावरून पन्नास-पन्नासवर नेण्यात आली आणि अनामत रक्कम अडीच हजारांवरून पंधरा हजार रुपये झाली. परिणामी रिंगणात दोनच उमेदवार राहिले. एका बाजूला उपराष्ट्रपती के. आर. नारायणन होते. काँग्रेस, सत्तारूढ संयुक्त आघाडी आणि भारतीय जनता पक्ष या सर्वांचा त्यांना पाठिंबा होता. दुसऱ्या बाजूला शेषन होते. महाराष्ट्रात भाजपबरोबर सत्तेत असलेल्या शिवसेनेने मित्रपक्षाची वाट सोडून शेषन यांची बाजू घेतली.

मतदान १४ जुलै १९९७ रोजी झाले. नारायणन यांना ९,५६,२९० मूल्याची मते मिळाली, तर शेषन यांना ५०,६३१. हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास भरते. अनामत रक्कम वाचवण्यासाठी वैध मतांच्या एक षष्ठांश मते लागतात. ती न मिळाल्याने शेषन यांची अनामत जप्त झाली.

शिवसेनेचे बळ तेव्हा किती होते? १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत पक्षाचे ७३ आमदार निवडून आले होते आणि १९९६ मध्ये लोकसभेत १५ खासदार. आमदारांची मते १७५ च्या हिशेबाने १२,७७५ आणि लोकसभेतील खासदारांची ७०८ च्या हिशेबाने १०,६२० होतात. ही सर्व मते शेषन यांच्या पारड्यात पडली असे धरले, तरी त्यांच्या एकूण मतांपैकी निम्म्याहून थोडी कमीच मते त्यातून येतात. उरलेली मते इतरत्र विखुरलेल्या लोकप्रतिनिधींनी दिली असली पाहिजेत. मतदान गुप्त असते आणि या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही, त्यामुळे ती कोणाची होती हे सांगता येत नाही.

ज्या राज्याच्या सेवेत शेषन यांनी उमेदवारी केली, त्या तमिळनाडूतून त्यांना आधार मिळाला नाही. सत्तेवर असलेला द्रमुक संयुक्त आघाडीचा घटक होता, ही त्यामागची राजकीय बाजू. शिवाय १९९४ च्या सुमारास निघालेल्या त्यांच्या चरित्रातील सी. एन. अण्णादुराई यांच्याविषयीच्या उल्लेखांवरून द्रविड पक्षांत तीव्र संताप उसळला होता. महाराष्ट्रात शिवाजी महाराजांविषयी किंवा डॉ. आंबेडकरांविषयी कोणी सैल बोलले तर काय होईल याची कल्पना केली, म्हणजे तमिळनाडूतील त्या संतापाची तीव्रता ध्यानात येईल.

या निकालावरून ‘शेषन यांचा स्वभाव देशाने नाकारला’ असा निष्कर्ष त्या वेळी सहज काढला गेला. पण तो पुरेसा पक्का नाही. मतदार कोण होते ते पाहा. ज्यांच्या खर्चाच्या वह्या शेषन यांनी तपासल्या, ज्यांच्या सभांचे कर्णे बंद केले, ज्यांच्या निवडणुका रद्द केल्या किंवा लांबवल्या, तेच आमदार आणि खासदार या वेळी मतपत्रिका हातात घेऊन बसले होते. शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यांनीच हेडमास्तरांची परीक्षा घ्यावी असा तो प्रकार होता. शिवाय समोरचा उमेदवार सामान्य नव्हता. केरळमधील उळवूर गावच्या गरीब दलित कुटुंबात जन्मलेला, शिष्यवृत्तीवर लंडनला शिकलेला आणि राजदूत म्हणून नावाजलेला मनुष्य स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी राष्ट्रपती होणार होता. त्या ऐतिहासिक ओघापुढे दुसऱ्या कोणाचाही टिकाव लागला नसता.

तेव्हा निकाल बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडेच वळले पाहिजे. शेषन यांचा स्वभाव राष्ट्रपतिपदाला साजेसा होता का?

पद कसले आहे?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले होते की, भारताच्या राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे राहील; तो राष्ट्राचा प्रमुख असेल, कार्यकारी सत्तेचा नव्हे. कलम ७४ प्रमाणे राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचे असते. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने हे बंधन स्पष्ट शब्दांत घातले आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्यात एक झरोका ठेवला. राष्ट्रपती एखादा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. तोच सल्ला पुन्हा आला की मात्र तो मानावा लागतो.

निवडणूक आयोगाची गोष्ट निराळी आहे. कलम ३२४ ने निवडणुकांवर देखरेख, दिग्दर्शन आणि नियंत्रण ठेवण्याचा स्वतंत्र अधिकार आयोगाला दिला आहे. तेथे कोणाचा सल्ला घ्यायचा नसतो, उलट सरकारला दूर ठेवायचे असते. अशा पदावर हट्टी, भांडखोर आणि कोणाची भीडभाड न ठेवणारा मनुष्य उपयोगी पडतो. शेषन तेथे उपयोगी पडले, हे त्यांचे टीकाकारही मान्य करतात. तोच मनुष्य राष्ट्रपती भवनात बसला असता तर आपल्याला न पटलेल्या प्रत्येक कागदावर त्याने काय केले असते, ही शंका रास्त होती. १९९३ च्या ऑगस्टमधील आदेश हा त्या शंकेचा आधार होता.

‘स्वभावाला औषध नाही’ असे आपण म्हणतो. पण पद बदलले की त्याच स्वभावाचे फळ बदलते, ही गोष्ट या म्हणीत येत नाही.

मऊ स्वभावाचे दुसरे टोक

यावरून राष्ट्रपतिपदाला मऊ, सौम्य, कोणाला न दुखावणारा स्वभावच योग्य, असा कोणी अर्थ काढील. त्याचे उत्तर २५ जून १९७५ च्या रात्रीत आहे. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी मंत्रिमंडळाची बैठक न घेताच आणीबाणीच्या उद्‌घोषणेचा कागद राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्याकडे पाठवला. मंत्रिमंडळाचा निर्णय कोठे आहे, एवढे विचारण्याचा अधिकार राष्ट्रपतींना होता. त्यांनी सही केली. मंत्रिमंडळाला ही बातमी दुसऱ्या दिवशी पहाटे कळली. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अबू अब्राहम यांचे व्यंगचित्र आले. त्यात राष्ट्रपती न्हाणीघरातील टबात बसूनच अध्यादेशांवर सह्या करताना दाखवले होते. पुढे चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने, आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवणे सक्तीचे केले. एका व्यक्तीच्या भिडस्तपणाची भरपाई घटनेत नवे कलम घालून करावी लागली, असेच याचे वर्णन करावे लागेल.

आणि शेषन यांचा पराभव करून आलेले नारायणन? अबोल, अभ्यासू, भाषणाचा प्रत्येक शब्द तोलून लिहिणारे अशी त्यांची ख्याती. २५ जुलै १९९७ रोजी त्यांनी शपथ घेतली. तीन महिनेही झाले नव्हते, तोच इंद्रकुमार गुजराल सरकारने उत्तर प्रदेशात कल्याण सिंह यांचे सरकार हटवून राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस पाठवली. नारायणन यांनी ती फेरविचारासाठी परत केली आणि मंत्रिमंडळाने माघार घेतली. सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने बिहारविषयी तशीच शिफारस केली. तीही परत गेली. फेब्रुवारी १९९९ मध्ये बिहारची शिफारस दुसऱ्यांदा आली तेव्हा त्यांनी सही केली, कारण घटना तेच सांगत होती. दोन भिन्न पक्षांच्या सरकारांना एकाच नियमाने थांबवणारा आणि नियम संपला तेथे स्वतः थांबणारा हा स्वभाव होता. त्यांनी यासाठी पत्रकार परिषदा घेतल्या नाहीत आणि कोणाला धमकावलेही नाही. ठामपणासाठी आवाज चढवावा लागत नाही, हे ज्यांना शेषन यांच्या आठवणीत रमताना विसरायला होते, त्यांनी ही दोन पत्रे आठवावीत.

तमिळनाडूने देशाला दिलेल्या राष्ट्रपतींकडे पाहिले तरी एकच साचा सापडत नाही. पहिले सर्वपल्ली राधाकृष्णन. त्यांचा जन्म तिरुत्तणीचा. हे गावही गुम्मिडिपूंडीप्रमाणे आज तिरुवळ्ळूर जिल्ह्यात आहे. मात्र १९६० पर्यंत ते आंध्रात होते. आंध्र आणि मद्रास यांच्यातील सीमातंट्यात ज्यांच्या मध्यस्थीने तोडगा निघाला आणि १ एप्रिल १९६० रोजी तिरुत्तणी मद्रास राज्याकडे आले, ते हरि विनायक पाटसकर मराठी होते. बेळगावचा प्रश्न सात दशके उराशी बाळगणाऱ्या आपल्या वाचकांना ही नोंद थोडी टोचेल. असो. राधाकृष्णन तत्त्वज्ञ होते, पण १९६७ च्या प्रजासत्ताक दिनी राष्ट्राला उद्देशून बोलताना त्यांनी कारभारातील अकार्यक्षमतेवर जे बोट ठेवले, ते सरकारला झोंबल्याशिवाय राहिले नाही. दुसरे आर. वेंकटरामन, तंजावर जिल्ह्यातले. राष्ट्रपती हा वीज गेल्यावर आपोआप लागणाऱ्या दिव्यासारखा असावा आणि वीज आली की त्याने विझावे, अशी त्यांची धारणा होती. १९८९ ते १९९१ या काळात एकापाठोपाठ एक सरकारे डळमळत असताना त्यांनी ती पाळली. तिसरे ए. पी. जे. अब्दुल कलाम.

कलाम यांच्या बाबतीत देशाला उमेदवाराचा स्वभाव आधीच माहीत होता, निदान तसे वाटत होते. गुम्मिडिपूंडीपासून जवळच, पुलिकत सरोवराच्या पलीकडे असलेल्या श्रीहरिकोट्यावरून १० ऑगस्ट १९७९ रोजी त्यांच्या नेतृत्वाखालील एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण अयशस्वी झाले आणि १८ जुलै १९८० रोजी दुसरे यशस्वी झाले. अपयशाच्या दिवशी पत्रकारांना इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः सामोरे गेले आणि यशाच्या दिवशी त्यांनी कलाम यांना पुढे केले, ही आठवण कलाम आयुष्यभर सांगत राहिले. अपयश पचवणारा, श्रेय वाटून देणारा हा माणूस २००२ मध्ये ९,२२,८८४ मूल्याच्या मतांनी निवडून आला. त्यांच्या विरोधात डाव्या पक्षांनी उभ्या केलेल्या कॅप्टन लक्ष्मी सहगल यांचाही जन्म मद्रासचाच. आझाद हिंद सेनेत झाशी राणी पथकाचे नेतृत्व केलेल्या या बाईंच्या धैर्याविषयी कोणालाच शंका नव्हती.

तरीही २२ मे २००५ च्या मध्यरात्रीनंतर काय झाले? केंद्रीय मंत्रिमंडळाने बिहार विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला दिला. कलाम तेव्हा मॉस्कोत होते. कागद तेथे पाठवला गेला आणि त्यांनी सही केली. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. आपण तेव्हा राजीनाम्याच्या विचारापर्यंत आलो होतो, असे कलाम यांनी पुढे ‘टर्निंग पॉइंट्स’ या पुस्तकात नमूद केले. त्याच कलाम यांनी मे २००६ मध्ये लाभाच्या पदासंबंधीचे विधेयक संसदेकडे परत पाठवले. एका वर्षाच्या अंतराने तोच मनुष्य दोन वेगळ्या तऱ्हांनी वागलेला दिसतो. पहिल्या वेळी घाई होती, परदेश होता, रात्र होती. दुसऱ्या वेळी विचाराला सवड होती. स्वभावाची परीक्षा शांत दिवशी घेऊन भागत नाही, ती अवेळी आलेल्या कागदावर होते.

अमेरिकेतील वाट

स्वभाव आधी मोजता येईल का, या प्रश्नावर अमेरिकेने बरीच डोकेफोड केली आहे. तेथील अध्यक्ष स्वतः कारभार चालवतो आणि अण्वस्त्रे वापरण्याचा आदेश त्याच्या हाती असतो, त्यामुळे तेथे ही चिंता अधिक खरी आहे. १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर उमेदवार असताना ‘फॅक्ट’ नावाच्या मासिकाने देशभरातील मानसोपचारतज्ज्ञांना प्रश्नावली पाठवली आणि त्यांच्यापैकी १,१८९ जणांनी गोल्डवॉटर मानसिकदृष्ट्या पदाला अपात्र असल्याचे मत दिले, असे प्रसिद्ध केले. त्यांतील बहुतेकांनी गोल्डवॉटर यांना कधी तपासलेही नव्हते. गोल्डवॉटर यांनी बदनामीचा दावा लावला आणि तो जिंकला. त्यानंतर, १९७३ मध्ये, अमेरिकी मानसोपचार संघटनेने नियम केला की, स्वतः न तपासलेल्या आणि परवानगी न दिलेल्या सार्वजनिक व्यक्तीविषयी सदस्यांनी व्यावसायिक मत देऊ नये. तो ‘गोल्डवॉटर नियम’ म्हणूनच ओळखला जातो. डोनाल्ड ट्रम्प यांच्या उमेदवारीनंतर त्यावर पुन्हा वाद पेटला.

तज्ज्ञांकडून दाखला मागण्याची वाट अशी बंद होते. मग उरते ती उमेदवाराची मागील वागणूक. या बाबतीत महाराष्ट्राच्या आठवणीत एक जुने नाव आहे आणि शेषन यांच्या शेजारी ते ठेवून पाहण्यासारखे आहे.

चिंतामणराव देशमुख हेही सनदी अधिकारीच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे नेहरूंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री. त्यांनाही शासकीय सेवेसाठीचा मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता, १९५९ मध्ये. बोलणे मोजके, संस्कृतचा व्यासंग आणि बागेची आवड. हा मनुष्य १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा देऊन मोकळा झाला आणि लोकसभेत त्याची कारणे सांगताना त्याने पंतप्रधानांच्या कार्यपद्धतीलाही सोडले नाही. १९६९ साली राष्ट्रपतिपदासाठी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर देशमुख उभे राहिले. व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्या लढतीत ते तिसरे आले. त्यांना पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मूल्याची मते मिळाली. त्या निवडणुकीत काँग्रेसची फूट, इंदिरा गांधींची ‘सद्‌सद्विवेकाची’ हाक आणि सिंडिकेटचे राजकारण एवढे गाजले की, तिघांपैकी कोणाचा पिंड पदाला अधिक मानवतो हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. राजीनामा खिशात ठेवूनही आवाज न चढवणारा उमेदवार समोर होता, तरी त्याच्याकडे लक्ष गेले नाही.

तात्पर्य, शेषन यांच्या वेळी स्वभावाचा विचार फार झाला आणि देशमुखांच्या वेळी तो झालाच नाही. दोन्ही वेळी निर्णय पक्षांच्या गणिताने लागला.

ज्यांच्यासाठी हे महत्त्वाचे आहे

राष्ट्रपती नामधारीच असतो, मग त्याच्या स्वभावाने काय बिघडते, असेही म्हटले जाते. तमिळनाडूत याचे उत्तर कोणी पुस्तकात शोधत नाही. २१ मे १९९१ रोजी चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधी यांची हत्या झाली. त्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या पेरारिवलन, मुरुगन आणि संथन यांचे दयेचे अर्ज २००० साली राष्ट्रपतींकडे गेले. नारायणन यांची मुदत संपली, कलाम यांची संपली. २०११ मध्ये प्रतिभाताई पाटील यांनी ते अर्ज फेटाळले. अर्जावर इतकी वर्षे निर्णय न होण्यात केंद्रीय गृहखात्याचा वाटा मोठा होता. पण फाइल मागवून घेणे, स्मरणपत्र पाठवणे, निर्णयाचा आग्रह धरणे हे राष्ट्रपतींच्याही हाती असते. अकरा वर्षांच्या विलंबाच्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०१४ रोजी तिघांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. २०२२ मध्ये ते सुटले. ज्यांना ही सुटका न्याय्य वाटते आणि ज्यांना ती हत्येत बळी पडलेल्यांवरचा अन्याय वाटते, त्या दोघांचेही भवितव्य एवढी वर्षे एका टेबलावर पडून होते.

टेबलावर कागद ठेवून देणे हाही एक स्वभावच. झैलसिंग यांनी टपाल विधेयक सहीही न करता आणि परतही न पाठवता ठेवून दिले, तेव्हा अनेकांनी त्यांच्या चतुराईचे कौतुक केले, कारण ते विधेयक नागरिकांची पत्रे उघडण्याचा सरकारचा अधिकार वाढवणारे होते. घटनेने राष्ट्रपतींना मुदत घालून दिलेली नाही. त्यामुळे हाच सैलपणा एका वेळी नागरिकाचे रक्षण करतो आणि दुसऱ्या वेळी फाशीच्या कोठडीतल्या माणसाला अकरा वर्षे ताटकळत ठेवतो. एकदा निवडून आलेल्या राष्ट्रपतीला स्वभावाच्या कारणावरून काढताही येत नाही. कलम ६१ मधील महाभियोग फक्त घटनेच्या भंगासाठी आहे, आणि आजवर तो एकाही राष्ट्रपतीविरुद्ध चाललेला नाही.

शेषन यांनी १९९९ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारीवर गांधीनगरमधून लालकृष्ण अडवाणी यांच्याविरुद्ध लोकसभेची निवडणूक लढवली; तेथेही ते हरले. १० नोव्हेंबर २०१९ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या शिवसेनेचा आणि राष्ट्रपती भवनाचा संबंध मात्र १९९९ मध्ये आणखी एकदा आला. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतील भाषणांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी बाळासाहेब ठाकरे यांना गैरप्रकाराबद्दल दोषी धरले होते. त्यांना किती काळ अपात्र ठरवायचे, याचा निर्णय राष्ट्रपतींकडे होता. तेव्हा राष्ट्रपती होते नारायणन, ज्यांच्या विरोधात शिवसेनेने मतदान केले होते. कायद्याप्रमाणे अशा प्रकरणी निवडणूक आयोगाचे मत मागवावे लागते आणि त्यानुसारच निर्णय द्यावा लागतो. आयोगाने सहा वर्षांची शिफारस केली, राष्ट्रपतींनी तसा आदेश काढला आणि १० डिसेंबर २००१ पर्यंत ठाकरे यांना मतदान करता आले नाही. आयोगाचे मुख्य आयुक्त त्या वेळी एम. एस. गिल होते.